पाठीवरचा डाग

नळ खाकरला.

क्वार्टर्समध्ये दुपारची चिडीचूप वेळ. वीज गेलेली, त्यामुळे पंख्याचाही आवाज नाही. बाहेर ऊन असं, की कावळासुद्धा टाकीच्या सावलीत चोच वासून बसलेला. दुर्वा ओल्या पंच्याखाली निजली होती, आतल्या खोलीत हेमकांत पडले होते. आमच्या गावात नळाला पाणी येईल तो दिवस सणाचा, आणि यायच्या आधी तो असा म्हाताऱ्यासारखा खाकरायचा. मी पदर खोचला, हंडा लावला, कळशी लावली, आणि पाण्याला जरा जोर आला तशी मोरीत भिजत टाकलेले कपडे ओढले.

हेमकांत नगरपालिकेच्या अग्निशमन दलात फायरमन. आमचं गाव तापीकाठचं, सरकीचं आणि रुईचं. उन्हाळ्यात एखाद्या तरी जिनिंगला, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याला, आग लागतेच. रुईच्या, म्हणजे दाबून बांधलेल्या कापसाच्या, गाठीची आग ही लाकडाच्या आगीसारखी नसते. ज्वाळा विझली म्हणून विझली असं नाही. गाठीच्या पोटात ती धुमसत राहते, आणि माणसांना गाठ गाठ उकलून पाणी मारत बसावं लागतं. गावातली सगळी जिनिंगं रेल्वेफाटकापलीकडे एकाच रस्त्यावर, आणि आदल्या दिवशी त्यातल्या एकाला आग लागली होती. हेमकांत त्या सकाळी घरी आले होते, थोडी झोप काढून परत जायला.

मी त्यांचं बनियन दगडावर पसरलं आणि हात थांबला.

पाठीवर डाग होता. तपकिरी, लांबलचक, मानेपासून कमरेपर्यंत गेलेला, जणू पाठीचा कणाच कुणी कपड्यावर छापला असावा. त्या उन्हाळ्यात असा डाग मी पहिल्यांदा बघत नव्हते. आधीच्या दोन आगींनंतरही तो होता. तेव्हा मी स्वतःला समजावलं, काजळी असेल, गंज असेल. पण मी केळीच्या मुलखातली पोरगी. माझ्या वडिलांची बाग आहे. केळीचा चीक ओला असताना पाण्यासारखा दिसतो, वाळला की तपकिरी होतो, आणि मग साबण लावा, लिंबू लावा, तो कपडा फाटेपर्यंत जात नाही. म्हणून आमच्याकडे बागेत जायचे कपडे वेगळे असतात.

आणि आमच्याकडे लहान पोरीलाही कळतं, की डाग पुढे पडतो. घड उचलला की छातीवर, खांद्यावर, पोटावर. पाठीवर कधी पडत नाही. पाठीवर डाग पडायला माणसाला केळीत आडवं व्हावं लागतं. माझ्या आत्याचा संसार याच डागाने मोडला. फूफांच्या सदऱ्याच्या पाठीवर तिने तो पाहिला, कुणाला एक शब्द न बोलता सदरा घडी करून ट्रंकेवर ठेवला, आणि माहेरी आली ती आलीच.

आगीवर गेलेला माणूस केळीत आडवा कशाला होईल?

मी बनियन घेऊन आत गेले. हेमकांत जागे होते, छताकडे बघत.

"हे काय आहे?"

त्यांनी मान वळवून पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "काय ते?"

"तेच मी विचारते."

"काजळी असेल."

"काजळी काळी असते."

"मग..." ते उठून बसले. "तिथं केळीचा ट्रक उभा होता. त्याला टेकलो होतो."

"ट्रकला टेकल्यावर शर्टाला डाग पडेल. बनियनला कसा पडला?"

हेमकांतना खोटं बोलता येत नसे. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मला ते कळलं होतं. बोलायला लागले की कान लाल व्हायचे आणि हात उगाच उशीची शिवण चाचपायचा. आताही चाचपत होता.

"जागू, चहा टाक ना," ते म्हणाले.

मी चहा टाकला. पण मनात जे उकळायला लागलं होतं त्याखालचा गॅस काही बंद झाला नाही. मग एकेक आठवायला लागलं. आगीवरून येतात तेव्हा केस ओले असतात, आणि चक्क विंचरलेले. कोटाला धुराचा भपकारा येत असतो, पण मानेला धुराचा वास नाही. मानेला कसला तरी हिरवा, कच्चा वास. जेवायला वाढलं तर "भूक नाही." भूक नाही, म्हणजे कुणी तरी खायला घालतं.

संध्याकाळी कोकिळाताई आल्या. शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायच्या. त्यांचे मिस्टर सुपडूभाऊ बंबाचे ड्रायव्हर. हातात वाटी, वाटीत बिबड्याचा, ज्वारीच्या पापडाचा, चुरा, आणि तोंडात बातमी, हे त्यांचं नेहमीचं.

"आले का गं तुझे?"

"आले. गेलेही. फायर स्टेशनात बोलावलं होतं."

"आमचे यायचेत अजून. आले की बघ, कोळशाच्या गोणीतून काढल्यासारखे दिसतील." त्या उंबऱ्यावर बसल्या. "तुझे बरे बाई. आगीतून येतात का न्हाणीतून येतात, कळतच नाही."

मी दुर्वाला वाटीतला चुरा भरवत राहिले.

"राग नको मानू. मी आपलं बोलले."

"ताई, तुम्हाला काही माहीत असेल तर सांगा."

कोकिळाताईंनी इकडेतिकडे पाहिलं. "मला काय माहीत असणार? जिनिंगच्या समोर बाग आहे ना केळीची, तिथं एक बाई राहते म्हणे. शकू नाव. नवरा सुरतेला असतो. पाणी लागलं, काही लागलं, तर हिच्याकडे जातात हे सगळे. मी यांना विचारलं, कोण जातं, काय करतात? तर काय म्हणाले माहितेय? 'बायकांना सांगायची गोष्ट नाही ती.' आता तूच सांग, जी गोष्ट बायकांना सांगायची नसते ती कशी गोष्ट असते?"

त्या गेल्यावर मी दुर्वाला मांडीवर थोपटत किती तरी वेळ बसून होते. ती झोपली तरी थोपटत होते. तिच्या पायाच्या अंगठ्याची ठेवण हुबेहूब हेमकांतसारखी. त्यांना त्याचं इतकं कौतुक, की ड्यूटीवरून आले की हात धुवायच्या आधी तो अंगठा ओढून बघायचे. तसा माणूस.

हेमकांत रात्री उशिरा घरी आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच निरोप आला, गाठी पुन्हा पेटल्या. हेमकांत तयार व्हायला लागले. मी भाकरी-ठेचा पुढे ठेवला आणि शेजारी एक नवं कोरं बनियन.

"हे घाला आज."

"नवं कशाला? तिकडे वाट लागेल."

"कशाने लागेल? आगीवर माणूस पाण्याने भिजतो, धुराने काळा होतो. ते मी धुवून काढीन. धुतल्यावर न जाणारं काही त्यावर पडलेलं मला संध्याकाळी दिसायला नको. एवढंच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बनियन घातलं. ताट तसंच सारून उठले, चूळही भरली नाही. दाराशी दुर्वाने हात पुढे केले तर तिचा अंगठा ओढला आणि गेले. आदल्या रात्रीची झोपही त्यांच्या डोळ्यांत तशीच होती, हे मी पाहिलं होतं. पण त्या दिवशी मला त्याचा अर्थ वेगळाच लागत होता.

मी पिशवी भरली. दुर्वाचे कपडे, माझी दोन लुगडी. माहेरची गाडी संध्याकाळची होती. मग डबा भरला. डबा हे निमित्त. नवरा उपाशी गेलाय, बायको डबा घेऊन आली, याला कोण काय म्हणणार? मला फक्त एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. आत्याने सदरा बघून ठरवलं. मी माणूस बघून ठरवणार होते.

रिक्षावाल्याने फाटकाच्या अलीकडेच उतरवलं. पुढे धूर रस्त्यावर लोळत होता, पांढरा, दाट, जमिनीला चिकटून चालणारा. दुर्वाच्या तोंडावर पदर घेतला. जिनिंगच्या आवारात गाठींचा डोंगर वाफाळत होता आणि त्यावर जाड कोटातली माणसं आकड्यांनी गाठी ओढत होती. हेल्मेटखाली सगळी सारखीच. वरून सूर्य, खालून आग. बंबापाशी सुपडूभाऊ पंपाचा दांडा धरून उभे होते. मला बघून त्यांचा चेहराच उतरला.

"वहिनी, तुम्ही इथं?"

"यांचा डबा आणलाय. उपाशी निघाले सकाळी."

"द्या माझ्याकडे. मी देतो ना त्याला."

"कुठे आहेत?"

"आत. काम करी राह्यला तो." पण हे म्हणताना त्यांची नजर आत गेली नाही. ती रस्त्यापलीकडे गेली, आणि पटकन परत आली. "वहिनी, तुम्ही लेकरू घेऊन धुरात नका थांबू. डबा ठेवा आणि जा बरं घरी."

रस्त्यापलीकडे केळीची बाग होती.

"वहिनी, तिकडं नका जाऊ," सुपडूभाऊ मागून म्हणाले. तेवढं पुरे होतं. मी रस्ता ओलांडला.

बागेच्या कडेला शेवरीचं कुंपण होतं, आणि त्याला बाहेरून जुन्या चादरी लावल्या होत्या. म्हणजे रस्त्यावरून आतलं काही दिसू नये. चादर बाजूला केली. आत एकदम गारवा, ओल्या मातीचा वास, आणि तो हिरवा, कच्चा वास. जमिनीवर केळीची मोठाली पानं अंथरलेली. त्यावर हेमकांत उताणे पडले होते, कोट काढलेला, नुसत्या बनियनवर. शेजारी एक तरणी बाई गुडघ्यावर बसली होती. तिचा हात माझ्या नवऱ्याच्या मानेवर होता.

दुर्वाला मी इतकं आवळलं असेन की ती कुरकुरली.

मग डोळे त्या सावलीला सरावले, तेव्हा दिसलं की तिथं ते दोघेच नव्हते. पलीकडे आणखी तीन-चार जण होते. एक बुंध्याला टेकून ताक पीत होता, एकाने पाय बादलीत सोडले होते. एका उपड्या बादलीवर निंबाअप्पा बसले होते, दलातले सगळ्यांत जुने. त्यांच्या पायाशी हेल्मेटं ओळीने मांडलेली. मला काही उलगडेना. चोरून भेटायची जागा अशी भरलेली नसते. पण मग चादरी कशाला? सुपडूभाऊंनी अडवलं कशाला?

अप्पांनी अजून मला पाहिलं नव्हतं. ते हेमकांतकडे झुकले.

"काय रे भो, लेकीचं नाव काय?"

"दुर्वा."

"बायकोचं?"

"जागृती."

"गाव कोणतं तुझं?"

हेमकांतनी गावाचं नाव सांगितलं. पाढा म्हणावा तसं, डोळे न उघडता.

"उठ मग. हळू. घे तुझं हेल्मेट."

ती बाई बाजूला झाली. हेमकांत उठले, कोट चढवला, हेल्मेट डोक्यावर घेतलं, आणि कुंपणाच्या वाटेने सरळ माझ्या अंगावरच आले. हातभर अंतरावर थांबले. माझ्याकडे पाहिलं. दुर्वाकडे पाहिलं.

"ताई," ते म्हणाले, "लेकरू घेऊन इथं नका उभ्या राहू तुम्ही. धूर आहे."

ताई. तुम्ही.

मला आधी वाटलं ते हेच, की बाईसमोर बायकोची ओळख दाखवायची नाही. इतकं पुढे गेलंय. "बरं," मी म्हटलं, "सरकते हो," आणि खरंच सरकले. वाट दिली. ते पुढे झाले.

"पप्पा," दुर्वाने हात पसरले.

ते वळले. तिच्याकडे बघून हसले, जसं आपण बसस्टँडवर दुसऱ्याच्या मुलाला बघून हसतो. "गोड आहे," म्हणाले. "कुणाची?"

आणि चालू लागले. अंगठा ओढला नाही.

मी त्यांचे कान पाहत होते. लाल नव्हते. हात काहीही चाचपत नव्हता. ज्या माणसाला एका डागाबद्दल धड खोटं बोलता आलं नाही, त्याला हे नाटक कसं जमेल? तो खोटं बोलतच नव्हता.

"अप्पा," मी ओरडले, "अडवा त्यांना. त्यांना आत जाऊ देऊ नका."

अप्पांनी मान वर केली. "कोण? अरे, वहिनी. तुम्ही कशा आल्या इथं?"

"त्यांनी मला ओळखलं नाही. त्यांना अडवा आधी."

अप्पा जागचे हलले नाहीत. त्यांच्या डोळ्यांत मला जे दिसलं ते मी ओळखत होते; कालपासून माझ्याच डोळ्यांत तेच होतं.

"वहिनी," ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "मी लय वर्षं आहे या कामात. नवरा आत जाऊ नये म्हणून बायका काय काय करतात, ते पाहिलंय. मागे एकीने पोटात कळ आली म्हणून रस्त्यावर लोळण घेतली होती. नवरा घरी पोचला तर ही पोळ्या लाटत बसलेली. तुमचा जीव घाबरला, कबूल. पण त्याने सगळी उत्तरं बरोबर दिली. मी स्वतः विचारलं. डोक्यात ऊन चढलेल्याला नाव-गाव आठवत नाही."

"ती पाठ आहेत त्यांना. रोज तेच विचारता ना तुम्ही?"

अप्पांनी रस्त्याकडे, हेमकांतच्या पाठीकडे पाहिलं.

"मला बघून विचारा. मी कोण, ते विचारा."

ताक पिणाऱ्याचा ग्लास तोंडापाशीच राहिला. अप्पा उठले, कुंपणापाशी आले, हाक मारली. "हेमकांत. ए हेमकांत. मागे ये जरा."

ते रस्त्याच्या मध्यावर पोचले होते. थांबले, वळून आले, शहाण्या मुलासारखे.

"ही बाई कोण रे?"

हेमकांतनी माझ्याकडे नीट, मन लावून पाहिलं. उत्तर चुकू नये अशी धडपड दिसत होती त्यांच्या तोंडावर.

"शकूबाईची बहीण असंल," ते म्हणाले. मग अप्पांच्या पायाकडे, हेल्मेटांच्या ओळीकडे बघायला लागले. "अप्पा, माझं हेल्मेट कुठं गेलं?"

हेल्मेट त्यांच्या डोक्यावर होतं.

शकूबाईच्या हातातलं ओलं फडकं खाली पडलं. अप्पांनी झडप घालून हेमकांतच्या कोटाच्या आत, काखेत हात घातला आणि तो विस्तवाला लागल्यासारखा काढला. "घामच नाही," ते म्हणाले. "कोरडा ठणठणीत आहे हा. पाडा, पाडा खाली."

पाडावं लागलं नाही. ते स्वतःच गुडघ्यात मोडले.

मग जे झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. कोट फाडून काढला त्यांनी. बादल्या ओतल्या. सुपडूभाऊंनी पाईप रस्त्यावरून ओढत आणला आणि पाण्याचा जोर कमी करून धार त्यांच्या छातीवर, मांड्यांवर धरली. इतक्या हलक्या हाताने, की पोर न्हाऊ घालताहेत असं वाटावं. शकूबाई कोयत्याने पानं कापत होती, भिजवत होती आणि पंख्यासारखी हलवायला देत होती. हेमकांत बडबडत होते, कुणाला तरी म्हणत होते की ताट राहिलंय. शकूबाईने मधेच दुर्वाला माझ्या कडेवरून काढून घेतलं, मला कळलंही नाही. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते.

तेव्हा ते दिसलं. पाईप धरायला, पाणी आणायला ती माणसं पाठमोरी होत होती. एकेकाच्या बनियनवर, मानेपासून कमरेपर्यंत, तीच तपकिरी रेघ. कुणाची जुनी, कुणाची ताजी. पानाचा मधला दांडा कापला की चीक पाझरतो, आणि त्यावर माणूस उताणा निजला की त्याच्या पाठीवर तो दांडा उमटतो. सगळ्यांच्या उमटला होता. नव्हता फक्त सुपडूभाऊंच्या. त्यांना एरवी बंब सोडून हलताच येत नाही.

"हे काय लपवायचं असतं?" मी अप्पांना विचारलं.

"लपवायचं नाही तर काय करायचं, वहिनी?" अप्पा खाली बघत म्हणाले. "मागच्या साली रस्त्याच्या कडेला बसलो होतो आम्ही. पाणी पीत. एक जण पाठ टेकून पडला होता पाच मिनटं. कुणी तरी फोटो काढला. गावभर फिरला मोबाइलवर, 'आग लागली आणि हे झोपा काढी राह्यले.' त्या पोराच्या बापाने त्याला जेवताना विचारलं, झोपायचा पगार घेतो का रे? पोरगं आठ दिवस घराबाहेर निघालं नाही. तेव्हापासून अंग निववायला आम्ही या बागेत येतो. चादरी लावतो. आणि घरी सांगत नाही. आगीवर जाऊन आडवा झालो, हे कोणत्या तोंडाने सांगायचं बायकोला?"

"एकाने बायकोला सांगितलंय की बंबाची सीटच खराब आहे," ताकवाला म्हणाला. "ती मागं लागलीय, सीट बदलायला अर्ज करा."

कुणीच हसलं नाही. शकूबाई दुर्वाला कडेवर घेऊन झुलवत होती. "माझी निम्मी बाग यांच्या पाठीखाली गेली," ती म्हणाली. "केळं उघडी पडली उन्हात. नवरा आला की त्याला काय सांगू, ते तुम्हीच सांगा मला कुणी." आणि पदराने डोळे पुसले.

सरकारी दवाखान्यात त्यांना शुद्धीवर यायला वेळ लागला. डोळे उघडले तेव्हा मी उशाशी होते. या वेळी त्यांनी जे पाहिलं ते मलाच पाहिलं. ते मला कसं कळलं ते सांगता येणार नाही, पण कळलं. ओठ हलले. मी वाकले.

"नवं होतं गं," ते म्हणाले. "डाग पडला."

घरी येऊन मी पिशवी रिकामी केली. लुगडी पुन्हा कपाटात गेली. ते बनियन मी धुतलं, वाळवलं आणि घडी करून ट्रंकेत ठेवलं. आत्यासारखंच, पण मी तिथंच राहिले.

आता त्या बादलीवर हेमकांत बसतात. उन्हात जास्त राहायचं नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा अप्पांनी निवृत्त होताना बादली त्यांच्याकडे सरकवली. ते नावं विचारत नाहीत. काल भाजी कोणती होती, सकाळी घरातून निघताना कुणाशी काय बोललास, असं विचारतात, आणि उत्तर खरं की खोटं ते कळायला मला फोन करतात. मी ज्याच्या-त्याच्या घरी विचारते. "गिलक्याची होती, आणि सांग त्याला, अर्धी टाकून गेलाय." त्यामुळे कोण पानावर आडवा झालाय ते सगळ्या क्वार्टर्सना माहीत असतं. चादरी शकूबाईने केव्हाच काढून नेल्या. कोकिळाताईंची तेवढी तक्रार असते, की आमच्याकडे कधी फोन येत नाही.

आज सकाळी पुन्हा एक जिनिंग पेटलं. माणसं कमी पडली म्हणून हेमकांतनी कोट चढवला. "लांबूनच पाणी मारीन," म्हणाले आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. कान लाल होते. दुपार झाली, अजून फोन नाही. दुर्वाच्या शाळेला सुट्टी लागलीय. तिने ट्रंक उचकली आणि ते बनियन बाहेर काढून अंगात घातलं. तिच्या गुडघ्यापर्यंत आलं. पाठ वळवून मला डाग दाखवला. त्याची गोष्ट तिला ठाऊक आहे, पप्पाच तिला रंगवून सांगतात: हेल्मेट डोक्यावर आणि शोधतायत पायाशी. दर वेळी ती हसते. आज हसली नाही. माझ्या मांडीशी येऊन बसली, स्वतःच्या पायाचा अंगठा धरून.

"आई, तेव्हा मी पप्पांच्या समोर होते तरी त्यांना आठवले नाही ना?"

"हो गं. पण ते तेवढ्यापुरतंच."

मोरीत नळ एकदा खाकरला आणि गप्प झाला.

"मग आत्ता तर मी समोरही नाही," ती म्हणाली. "आत्ता आहे का मी त्यांच्या लक्षात?"